सखुबाईच्या कौलावरचा दात

रतन शिगवण हसली की तिचा डावा हात तोंडावर जायचा. उजवा बहुतेक वेळा मिनिडोरच्या हँडलवर असायचा, म्हणून डावा.

दिघीच्या जेटीपासून आतल्या वाड्यांपर्यंत ती मिनिडोर चालवते. सहा आसनी रिक्षा, पण सहा ते कागदावर. बाजाराच्या दिवशी माणसं, माशांच्या टोपल्या, गॅसचं सिलिंडर आणि एखादी शेळी, सगळं तिच्या गाडीत मावतं. प्रवासी तिची चेष्टा करतात. ती दुप्पट करते. सगळी गाडी हसते, आणि रतनचा चेहरा तेवढा अर्धा झाकलेला. नवख्या माणसाला वाटायचं, बाई लाजाळू दिसते. ज्यांनी तिला कबड्डीत चढाई करताना पाहिलं होतं, ते यावर गालात हसायचे.

मूळ कारण एक दात. समोरचा, वरचा.

रतन तेरा वर्षांची असताना तो पडला. सखुबाईच्या अंगणात खेळ चालला होता. वाडीतलं तेवढंच एक अंगण सपाट. पकडीत कुणाचं तरी कोपर लागलं आणि दात मुळासकट मातीत आला. सखुबाईनं तिला चूळ भरायला लावली, डोक्यावरून हात फिरवला, दात उचलला. मग घराकडे पाठ करून उभी राहिली आणि डोक्यावरून तो मागं कौलांवर भिरकावला.

"उंदीरमामा, जुना घे, नवा दे! झालं. आता बघ कसा येतो."

वाडीतल्या प्रत्येक पोराचा पहिला दात सखुबाईनंच टाकलेला. तिचा हात गुणाचा, असं सगळे म्हणत. आणि आले होते की सगळ्यांना नवे दात. कसे नसते आले? ते दुधाचे होते.

रतन वाट बघत राहिली. सकाळी उठली की आधी जीभ त्या जागी जायची. पावसाळा आला, शेतं लावून झाली, भात कापून झाला. हिरडी तशीच मऊ. शाळेत तिचं नाव 'खिडकी' पडलं. वारा सुटला की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "खिडकी, बंद कर गं!" एके दिवशी तिनं खरंच हात लावून ती बंद केली. हात मग तिथंच राहिला. दाताची वाट बघणं कधी थांबलं, ते तिला आजही सांगता येत नाही.

मिनिडोर हातात आल्यावर ती खाडी ओलांडून मुरूडला डॉक्टर नाझनीनकडे गेली. काढता-घालता दात बसवून घ्यायला. डॉक्टरनं नवा दात बसवता बसवता सहज विचारलं, "पडलेल्या दाताचं काय केलंस?"

रतननं सांगितलं. डॉक्टर हसली नाही.

"तो पक्का दात होता, रतन. त्याच्या जागी दुसरा कधीच येणार नव्हता. पण तोच परत बसवता आला असता."

"तोच?"

"तोच. मुळाला हात लावायचा नाही. घासायचा नाही, वाळू द्यायचा नाही. थंड दुधात टाकायचा आणि तासाभरात इथं यायचं. जेवढं लवकर तेवढं बरं."

परतीच्या फेरीबोटीत रतन गाडीतून उतरली नाही. एरवी ती कठड्याला टेकून बोटीवरच्या सगळ्यांशी गप्पा मारते. त्या दिवशी नव्या दातावर जीभ फिरवत बसली. दात छान होता. रंग जुळला होता. उतरताना बोटीची साखळी सांभाळणाऱ्या रामजीनं काहीतरी थट्टा केली, ती हसली आणि हात तोंडावर गेला.

हे डॉक्टरचं बोलणं तिनं वाडीत कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर आधी स्वतःचा दात काढून दाखवावा लागला असता.

पुढं तिनं मुलींचा संघ उभा केला. सराव रविवारी सकाळी, सखुबाईच्याच अंगणात. खेळायच्या आधी ती पाठ फिरवून आपला दात काढायची आणि डबीत ठेवायची. मुलींना माहीत होतं. कुणी बघायचं नाही, असं न ठरवता ठरलं होतं.

संघात सगळ्यांत चपळ आरोही. सखुबाईची नात, सातवीतली. आईबाप कामाला मुंबईत, आजी आणि नात इथं. आरोही चढाईला गेली की हसत जायची. समोरच्या मुली त्या हसण्यावरच चिडायच्या आणि चुकायच्या. रतनला ते फार आवडायचं. ती पोरीला सांगायची, "पाय नंतर, आधी दात दाखव त्यांना."

त्या रविवारी रतन पाण्याची कळशी आणायला विहिरीवर गेली होती. परत येताना तिला आरडाओरडा ऐकू आला. अंगणात मुलींचं कडं. मधे आरोही, तोंडावर दोन्ही हात, बोटांमधून रक्त. शिवानी बाजूला रडत उभी. "ताई, माझा गुडघा लागला, मी मुद्दाम न्हाय..."

आणि कड्याच्या बाहेर सखुबाई. घराकडे पाठ करून.

रतननं कळशी टाकली. "सखुआजी, थांब!"

हात वर गेला होता. कौलावर 'टक' असा आवाज झाला. मग खाली घरंगळताना आणखी एक. मग काही नाही.

"काय गं, केवढ्यानं वरडलीस!" सखुबाई म्हणाली. "माझा जीव गेला असता."

"आजी, तो पक्का दात व्हता!"

"पोर लहान हाय. येईल की."

"न्हाय येणार! माझा आला?"

सखुबाई तिच्याकडे बघत राहिली. रतनचं तोंड उघडं होतं. दात डबीत होता. हात खाली होते. त्या जागेकडे इतक्या जवळून सखुबाईनं कधी पाहिलंच नव्हतं.

मग रतन थांबली नाही. आधी आरोहीच्या तोंडात स्वच्छ रुमालाची घडी दिली. "दाताखाली धर. गच्च चाव. मान मागं टाकू नको, रक्त गिळशील." शिवानीला म्हणाली, "तू रडायचं नंतर. दिनानाथकाकांच्या दुकानात पळ. फ्रीजमधली दुधाची पिशवी आण. थंडच पायजे." आणि एका हातानं शिडी ओढत दुसऱ्या हातानं फोन लावला.

डॉक्टर नाझनीन म्हसळ्याला लग्नाला निघाली होती.

"दात कुठाय?" तिनं विचारलं.

"कौलावर."

पलीकडे बांगड्या किणकिणल्या.

"काढ तो," डॉक्टर म्हणाली. "मी दवाखाना उघडते."

सखुबाईचं घर मंगलोरी कौलांचं. अशा छपरावर कुठंही पाय ठेवला की कौल फुटतं आणि माणूस थेट चुलीवर येतो. रतनचा बाप पावसाआधी लोकांची कौलं सारखी करून द्यायचा. ती लहानपणी शिडीवर उभी राहून त्याला कौलं द्यायची. पाय कुठं ठेवायचा ते त्याच्या पायांकडे बघून तिला कळलं होतं. खाली वासा असेल तिथंच. टाच नाही, चवडा. कबड्डीत पुढं हेच पाऊल तिला उपयोगी पडलं. आता ते पुन्हा जिथलं होतं तिथं आलं.

"फुटली कौलं तर भरून द्यायला लागतील हां!" खालून सखुबाई ओरडली. सवयीनं. मग स्वतःच शिडी घट्ट धरली.

उतारावर दात नव्हता. मूळ घराचं छप्पर आणि नंतर जोडलेल्या स्वयंपाकघराचं छप्पर जिथं मिळतं, तिथं पत्र्याची पन्हळ आहे. घरंगळलेलं सगळं तिथंच जातं. रतन पोटावर झोपली आणि पन्हळीत वाकली.

कुजलेली पानं. एक चेंडू. चिखल वाळून झालेली माती. आणि त्या मातीत दात.

एक नाही, पुष्कळ. जाड्या भाताच्या दाण्यांसारखे, छोटे छोटे, पिवळट. वाडीतल्या सगळ्या पोरांचे. मुंबईला गेलेल्यांचे, लग्न होऊन गेलेल्यांचे. सखुबाईनं इतकी वर्षं उंदराच्या नावानं टाकलेले सगळे इथं येऊन पडले होते. उंदरानं एकही नेला नव्हता.

रतननं पन्हळीवरून नजर फिरवली. यातला आरोहीचा कुठला?

मग तिचं लक्ष गेलं. हे सगळे म्हणजे नुसत्या टोप्या होत्या. खाली मूळ नव्हतं. दुधाच्या दाताचं मूळ पडायच्या आधी विरून जातं. ती मूळ शोधायला लागली. पानाखाली ते दिसलं. लांब, ओलं, अजून गुलाबी.

तिनं दोन बोटांनी तो पांढऱ्या टोकाला धरला. मुळाला स्पर्श नाही. उचलताना शेजारी आणखी एक लांब मूळ दिसलं. सुकलेलं, चिंचोक्यासारखं तपकिरी. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तो दातही उचलून खिशात टाकला आणि उतरायला लागली. एका हातानं, कारण दुसऱ्यात दात होता.

खाली सखुबाई आपली डबी उघडून तयार उभी. "यात घाल."

"आजी, त्यात मशेरी हाय!"

"मग? दाताचंच औषध हाय नव्हं? मी म्हनत व्हते, पोरीच्या हिरडीतबी जराशी दाबू."

"तंबाखू जाळून केलेली राख हाय ती! ठेव कनवटीला. आणि तिच्या तोंडाजवळ आणू नको."

शिवानी पिशवी घेऊन आली होती. मागून दिनानाथही धावत आला. दुकान उघडं टाकून. "साखर पायजे का? चहा करताय ना?" शिवानीनं त्याला बाजूला सारलं. स्टीलच्या डब्यात दूध ओतलं. दात त्यात सोडला. तो तळाला जाऊन बसला. दात जागेवर ठेवता आला तर उत्तम, असं डॉक्टर फोनवर म्हणाली होती. पण आरोहीचा ओठ टम्म सुजला होता, ती बोट लावू देईना. मग दूधच.

मिनिडोरमध्ये सगळा संघ बसला. कुणाला बोलावलं नव्हतं, पण कुणी उतरेना. रतननं वाद घातला नाही.

जेटीवर पोचले तेव्हा फेरीबोटीचा गाड्या चढायचा फळका वर उचलायला लागला होता. रामजी साखळीपाशी उभा.

"रतन, पुढच्या फेरीला ये गं!"

"रामजीदादा, खाली कर! दात हाय!"

"मलाबी हायेत! बत्तीस!"

"पडलेला हाय! दुधात हाय! परत बसवायचा हाय!"

रामजीला यातलं काहीच कळलं नाही. त्यानं गाडीत पाहिलं. रक्ताळलेला रुमाल चावत बसलेली मुलगी, दोन्ही हातांत डबा धरलेली म्हातारी, आणि मागं कबड्डीच्या कपड्यातल्या मुली, सगळ्या एकदम ओरडत. त्यानं वर केबिनीतल्या माणसाला हात केला. फळका खाली आला.

खाडीच्या मध्यावर माणसाच्या हातात काही नसतं. बोट जाते त्या वेगानं जाते. रस्त्यावर एसटीलाही मागं टाकणारी रतन हँडल धरून नुसती बसून होती. मागून सखुबाईचा आवाज आला.

"तुझाबी मीच टाकला व्हता."

"व्हय."

"बसला असता?"

रतननं आरशात तिच्याकडे पाहिलं. "बसला असता."

सखुबाईनं डब्यावरचं झाकण आणखी घट्ट दाबलं. "मंग हा बसवायचाच," ती म्हणाली. जणू ते तिच्या हातात होतं.

पलीकडच्या आगरदांड्याला फळका खाली टेकायच्या आत मिनिडोर सुरू होती. मुरूडच्या रस्त्यावरच्या प्रत्येक वळणाला मुली एका बाजूला झुकत आणि सखुबाई डबा सरळ धरी. एक थेंब सांडला नाही.

डॉक्टर नाझनीन जरीच्या ड्रेसमध्ये, हातभर बांगड्या घालून दवाखान्याच्या दारात उभी होती. तिनं बांगड्या उतरवल्या, हातमोजे चढवले आणि डब्यात डोकावली. "कुणी घासला नाही ना?"

"न्हाय."

"मुळाला हात?"

"न्हाय लावला."

"शाब्बास."

पुढचं सगळं रतननं दाराच्या फटीतून पाहिलं. इंजेक्शन दिलं. जखम धुतली. मग डॉक्टरनं दात उचलला आणि अगदी हळू, खुंटी भोकात बसवावी तसा, त्याच्या जागी सरकवला. आरोहीचे पाय ताठ झाले. मग सैल पडले. शेजारच्या दातांना धरून बारीक तार चिकटवली. धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं.

"बसला?" सखुबाईनं विचारलं.

"बसवलाय," डॉक्टर म्हणाली. "धरतो का ते आता हिरडी ठरवेल. आपण राखण करायची. पेज, मऊ भात, वरण. समोरच्या दातानं काही तोडायचं नाही. मऊ ब्रश, सकाळ-रात्र, आणि मी देते त्या औषधानं चुळा. घाबरून घासायचं सोडलंत तर घाणीनं जाईल तो. थोड्या दिवसांत मुळाच्या आतली सफाई करावी लागेल, तेव्हा यायचं म्हणजे यायचं. खेळ बंद."

"किती दिवस?" आरोहीनं सुजल्या ओठांतून विचारलं. तोंड उघडल्यावर तिचा पहिला प्रश्न.

"मी सांगेपर्यंत." मग डॉक्टर सखुबाईकडे वळली. "आजी, आता तुम्ही बसा खुर्चीत."

"मला काय झालंय?"

"डबी वास देतेय."

सखुबाईच्या गालात आत पांढरट चट्टा निघाला. डॉक्टरनं तिला आरसा धरून तो दाखवला आणि मशेरी सोडली नाही तर तो काय होऊ शकतो, हे आडपडदा न ठेवता सांगितलं. आयुष्यभर दिवसातून तीन वेळा मशेरीनं दात घासणारी बाई आपण, असं सखुबाईला वाटत आलं होतं. तिनं आरसा पुन्हा मागून घेतला.

पुढचे दिवस आरोहीनं पेज खाल्ली आणि तक्रार केली. सुकट भाजल्याचा वास आला की ती घराबाहेर जाऊन बसायची. सखुबाई ब्रश हातात घेऊन तिच्या मागं. "घास. वरून खाली. जोरानं नको." वाडीतून जाणारा प्रत्येक माणूस विचारी, "हाय का अजून?" आणि आरोही ओठ वर करून दाखवी. रतन रोज संध्याकाळी शेवटची फेरी संपवून यायची, दात बघायची आणि जायची. तिला झोप लागत नव्हती. आपला दात पडला तेव्हाही तिला इतकी काळजी वाटली नव्हती. तेव्हा असा दात वाचवता येतो हे तिला माहीतच नव्हतं.

तार काढायच्या दिवशी पुन्हा सगळा संघ गाडीत. डॉक्टरनं तार सोडवली. चिमट्यानं दात धरला आणि हलवून पाहिला. मग दुसऱ्या बाजूनं. मग टोकावर हलकेच ठोकलं.

दारात मुली एकमेकींच्या खांद्यांवरून डोकावत होत्या.

"पुढं तपासण्या चालूच ठेवायच्या," डॉक्टर म्हणाली. "पण धरलाय. मस्त धरलाय."

दवाखान्यात जो आवाज झाला तो रस्त्यापलीकडच्या बेकरीवाल्यालाही ऐकू गेला. सखुबाईनं हात धुतले आणि स्वतःच्या बोटानं तो दात चाचपला. "घट्ट हाय," तिनं जाहीर केलं, आणि पदर डोळ्यांना लावला.

परतीच्या बोटीवर रामजी साखळीपाशी उभा होता. "काय गं, तुझ्या त्या दुधातल्या दाताचं काय झालं?"

आरोही खिडकीतून बाहेर वाकली आणि हसली. सगळे दात दाखवून. रामजी बघत राहिला. मग त्यानं वरच्या माणसाला काहीतरी सांगितलं, आणि फेरीबोटीनं मोठ्या जहाजासाठी वाजवतात तसा लांबलचक भोंगा दिला.

आता सखुबाईच्या वाडीत एक नियम आहे. दात पडला की तो सखुबाईकडे येतो. ती तो उजेडात धरून बघते. मूळ नाही, तर कौलावर. मूळ आहे, तर दुधात, आणि रतनला फोन. मशेरी सोडली, असं ती म्हणते. डबी अजून कनवटीला आहे. रिकामी आहे, असंही तीच म्हणते. रतन अधूनमधून वास घेऊन बघते. मुलींचे ब्रश अंगणातल्या नळाजवळ एका टांगलेल्या बाटलीत असतात आणि सामन्यात त्या दातांवर रबरी कवच चढवून उतरतात. म्हसळ्याच्या सामन्यात समोरचा संघ त्यांना बघून हसला होता. हरला तेव्हा हसत नव्हता.

आणि तो दुसरा दात, चिंचोक्यासारखा? रतननं तो सखुबाईला दाखवला होता. "तुझाच," सखुबाई लगेच म्हणाली. "येवढा मोठा दुसरा मी कुनाचा टाकला न्हाय." डॉक्टर म्हणाली, आता याचा काही उपयोग नाही. रतनला तसं वाटलं नाही.

गेल्या महिन्यात तिला शाळेनं बोलावलं. ती वर्गासमोर उभी राहिली आणि खिशातून तो दात काढला. "हा माझा. हा इथं धरायचा, पांढऱ्या भागाला. हे खालचं मूळ, याला बोट लावायचं न्हाय."

"पण ताई, तुम्हाला तर दात हाय!" मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला.

"बघ," रतन म्हणाली. मग तिनं दुसऱ्या हातानं तोंडातला खोटा दात काढला आणि वर धरला.

वर्गात एकच गलका झाला. पोरं बाकावर चढली. "खिडकी! खिडकी!" कुणीतरी ओरडलं. ते नाव त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याला त्याला ते आपसूक सुचतं, इतकं ते साधं आहे.

आणि रतनला हसू आलं. पोटातून आलं, आवरेना. हात तोंडाकडे जायला निघाले असतील, पण एका हातात खरा दात होता आणि दुसऱ्यात खोटा. ती तशीच हसत राहिली, उघड्या तोंडानं, पोरांचा आवाज थांबेपर्यंत आणि त्यानंतरही.